सोपाऱ्याचा स्तूप आणि कळंबचा समुद्र: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या मंडळींना घेऊन आजवर चार वेळा नालासोपाऱ्याला जाऊन आलो. दर वेळी निघायच्या आधी आठवडाभर फोन सुरू असतात आणि प्रश्न तेच ते. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला पुन्हा सांगायचं, त्यात निम्मं राहून जातं. म्हणून एकदाच बसून लिहिलं.

हे नेमकं आहे तरी काय?

विटांचा जुना बौद्ध स्तूप. पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, नालासोपारा पश्चिमेला मूळ सोपारा गाव आहे, तिथे. पश्चिम रेल्वेवर वसई रोड आणि विरार यांच्या मधलं स्टेशन. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी आणि दाटीवाटीच्या चाळी-इमारती डोळ्यांपुढे येतात. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे अपरांताचं, म्हणजे तेव्हाच्या कोकणाचं, मोठं बंदर होतं. संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक, आणि ग्रीक खलाशांच्या लिखाणात सौप्पारा. गावातली जुनी माणसं स्तूपाच्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आली आहेत. बुरुड म्हणजे टोपल्या-सुपं विणणारा. ‘शूर्प’ म्हणजेही सूपच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा मोह मला दर वेळी होतो. पुरावा काही नाही, म्हणून मोहावरच थांबतो.

मंदिर म्हणून निघालो आणि मूर्ती, कळस काहीच नाही. फसगत तर होणार नाही?

होऊ नये म्हणूनच आधी सांगतो. सिद्धेश्वराच्या देवळासारखं काही डोळ्यांसमोर ठेवून याल तर पहिली पाच मिनिटं तुम्ही इकडेतिकडे बघत ‘पुढे काय?’ असं विचाराल. पुढे काही नाही. हेच आहे. मधोमध विटांचा ढासळलेला मोठा स्तूप, आजूबाजूला लहान स्तूपांचे पाये, थोडी कोरीव दगडं, झाडं आणि भोवती कुंपण. स्तूप ही आत शिरायची वास्तूच नसते. पोटात अवशेष ठेवून वर बांधकाम भरीव करतात आणि माणसाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची असते.

समुद्र तिथून दिसतो का?

नाही. फोनवर हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण कुणीतरी ‘बीचजवळचा स्तूप’ असं सांगितलेलं असतं. समुद्र जवळ आहे, पण पायाशी नाही. कळंब, राजोडी, भुईगाव हे किनारे रिक्षाच्या अंतरावर आहेत. जुन्या काळी खाडी गावाच्या अंगाला भिडलेली होती आणि गलबतं आतपर्यंत येत. पुढे गाळ भरत गेला, खाडी मागे हटली आणि बंदराचं गाव जमिनीवर राहिलं. आता तळी आहेत, केळीच्या वाड्या आहेत आणि वाऱ्याला खारट वास आहे, तेवढाच पुरावा.

मग साडेचारशे किलोमीटर जायचं कशासाठी?

अशोकासाठी. (आपल्या अशोक चौकातून रोज जाणाऱ्यांनी एकदा तरी जावं, असं मी गमतीने म्हणतो.) अशोकाच्या चौदा मोठ्या शिलालेखांची मालिका देशात मोजक्याच ठिकाणी कोरली गेली, आणि त्यातले तुकडे महाराष्ट्रात सापडले ते या सोपाऱ्यातच. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये गावातल्या भाटेळा तळ्याजवळ मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला. म्हणजे कधीकाळी इथे सगळे चौदा असणार आणि बाकीचे कुणाच्या जोत्यात, कुणाच्या विहिरीत गेले असणार.

तुकड्यांवर मजकुराचा थोडाच भाग उरला आहे. बाकीचा अर्थ गिरनारसारख्या ठिकाणच्या पूर्ण प्रतींवरून लागतो. आणि तो अर्थ प्रवासाला निघालेल्या माणसाने वाचावा असाच आहे. आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, म्हणजे शिकार आणि मौजमजेला. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय करायचं, तेही दिलं आहे: श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान करायचं, म्हाताऱ्यांना भेटून मदत करायची, गावोगावच्या लोकांना भेटायचं, धम्म सांगायचा आणि धम्माबद्दलची विचारपूस करायची. या शेवटच्यासाठी मूळ शब्द आहे ‘परिपुच्छा’. प्रश्न विचारणं! हे कळल्यापासून तुमच्या फोनांचा मला कंटाळा येत नाही. निदान पहिल्या तीन फोनांचा तरी नाही.

नववा लेख जास्त घरगुती आहे. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, त्यातही बायका फारच आणि क्षुल्लक करतात, असं सम्राटांचं म्हणणं. करा, पण त्याचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांना न दुखवणं. हे मी गाडीत वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातल्या एक मामी दशम्यांचा डबा उघडत म्हणाल्या, “बायका लई करत्यात म्हणे. आणि ते केलेलं खात कोण होतं, ते नाही का कोरलं दगडावर?”

स्तूपातून सोन्याची पेटी निघाली होती म्हणतात. खरं का?

खरं. आणि ही गोष्ट स्तूपापाशी उभं राहूनच ऐकावी.

एप्रिल १८८२. पंडित भगवानलाल इंद्रजी हे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याला अशोकाचा लेख आहे, त्या गावचा मुलगा. लहानपणापासून त्या अक्षरांच्या नादी लागला आणि ती वाचायला शिकला. पुढे मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाडांकडे काम करून मोठा संशोधक झाला. त्यांनी हे टेकाड मधोमध खणायला लावलं. आत विटांनी बांधलेली छोटी पोकळी लागली आणि तिच्यात गोल दगडी पेटी, वर झाकण.

झाकण काढल्यावर मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती गोलाकार मांडलेल्या आठ लहान ब्राँझ मूर्ती. सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे होऊन गेलेले आणि अजून व्हायचा आहे तो. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या डबीत?

मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे.

भगवानलालांचं मत असं, की ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले गेले असावेत. तांबं, चांदी, दगड, स्फटिक, सोनं असं एकात एक करत गेलं आणि गाभ्यात निघाली खापरं. मी सांगताना दर वेळी इथे थांबतो. एकदा एका शाळकरी पोराने विचारलं, “मग बाकीचं सगळं खोकं होतं व्हय?” याहून बरं मला आजवर सांगता आलेलं नाही.

एक बारकावा राहिला. नाणं दुसऱ्या शतकातलं आहे, पण मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकातली मानली जाते. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी स्तूप उघडला, जुन्या अवशेषांभोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. एवढी शतकं हा स्तूप लोकांच्या येण्याजाण्यातला होता, हे त्यावरून समजतं.

ती पेटी तिथे बघायला मिळते का?

नाही. पेटी, करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत, फोर्टातल्या टाऊन हॉलमध्ये. कधीही जाऊन पायऱ्या चढलं की दाखवतात असं नाही, आधी विचारून मगच जायचं. शिलालेख मात्र छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. परतीची गाडी रात्रीची असेल तर दुपारनंतरचा वेळ तिथे घालवता येतो. आदल्या दिवशी दगड पाहून मग स्तूप पाहिला तर आणखी चांगलं, पण तेवढा मुक्काम आमच्या मंडळींना झेपत नाही. पोरं दुसऱ्याच दिवशी ‘घरी कधी?’ सुरू करतात.

पूर्ण कोण?

सोपाऱ्याचा व्यापारी. समुद्रावर फिरणारा, बुद्धाचा उपदेश ऐकून भिक्खू झालेला. त्याने आपल्या मुलखात जाऊन धम्म सांगायची परवानगी मागितली, तेव्हाचा संवाद पाली सुत्तांत आहे. बुद्ध म्हणतात, तिकडचे लोक तापट आहेत, शिव्या देतील. पूर्ण म्हणतो, तर मी म्हणेन बरे आहेत, हात तर उगारला नाही. हात उगारला तर? म्हणेन बरे आहेत, ढेकळं तर मारली नाहीत. असं काठी, शस्त्र करत जिवावर बेतेपर्यंत प्रश्न येतात आणि प्रत्येकाला त्याचं उत्तर तसंच शांत. शेवटी बुद्ध म्हणतात, जा, तुला जमेल. पुढची कथा अशी, की त्याने सोपाऱ्यात चंदनाच्या लाकडाचा विहार बांधला आणि बुद्धाला तिथे बोलावलं. इतिहास म्हणून नव्हे, कथा म्हणून घ्या. पण विरार लोकलमध्ये कुणाचं कोपर बरगडीत बसलं की मला पूर्ण आठवतो. कोपरच आहे, बरे आहेत.

सोलापूरहून कसं जायचं?

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. सकाळी दादरला उतरायचं, सीएसएमटीपर्यंत जायचं नाही. दादरला मध्य रेल्वेच्या बाजूकडून पुलावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर यायचं आणि विरार लोकल धरायची. साधारण तासाभरात नालासोपारा. दादरच्या पुलावर माणसं हरवतात, म्हणून ‘पुलाच्या जिन्यापाशी थांबा’ असं मोघम सांगू नका, तिथे जिने अनेक आहेत. फलाटाचा नंबर सांगा.

वंदे भारतने सकाळी निघालात तर मुंबई गाठेपर्यंत दुपार होते. त्या दिवशी स्तूप धरू नका, पार उन्हं कलतात.

विरार लोकल म्हटल्यावर घरचे घाबरतात. म्हाताऱ्या माणसांना न्यावं का?

न्यावं. फक्त गर्दीचा उलटा हिशोब धरा. सकाळी लोंढा विरारकडून चर्चगेटकडे असतो आणि तुम्ही दादरहून विरारकडे चाललेले असता, त्यामुळे बसायला जागा मिळते. संध्याकाळी लोंढा विरारकडे आणि तुम्ही दादरकडे. सोलापूरकरांच्या नशिबात मुंबईत एवढं बरं कधी येत नाही. उतरताना मात्र भाईंदर गेलं की उठून दाराशी या. भाईंदरनंतर लांबलचक पूल लागतो आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. पोरं ‘समुद्र! समुद्र!’ करून ओरडतात. ती वसईची खाडी आहे. ओरडू द्या.

रिक्षावाल्याला काय सांगायचं?

स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर या आणि ‘बौद्ध स्तूप, सोपारा गाव’ असं म्हणा. पहिल्या खेपेला मी ‘अशोककालीन स्तूप’ म्हणालो. रिक्षावाल्याने मान डोलावली आणि आम्हाला भलत्याच एका बुद्धविहारापाशी उतरवून निघून गेला. विहारातल्या आजींनी पाणी दिलं, पत्ता सांगितला आणि वर त्यांचा नातू वाट दाखवायला पाठवला. म्हणजे चुकलोही आणि चुकलो नाहीही. पण अर्धा तास गेला आणि तोवर ऊन चढलं होतं.

किती वेळ लागतो?

फोटो काढून निघणाऱ्यांना पंधरा मिनिटं. मी दीड तास मागून घेतो आणि त्यातला पहिला अर्धा तास कुणाला काही सांगत नाही. आधी नुसती प्रदक्षिणा घालायची. मग विटांकडे बघायचं. भट्टीतल्या आजच्या विटेपेक्षा त्या रुंद आणि चपट्या आहेत. दोन विटांच्या फटीत मुंग्यांची रांग असते, पावसाळ्यानंतर बारीक शेवाळं. सकाळी साडेआठच्या सुमारास ऊन तिरपं असतं, तेव्हा प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते आणि सपाट वाटलेला ढीग एकदम रचलेला दिसायला लागतो. दहानंतर हे दिसत नाही. मग तो पुन्हा ढीगच.

आम्ही बौद्ध नाही. गेलेलं चालतं का? पूजेचं सामान न्यायचं का?

कुणीही जावं. तिकीट नाही, जातपात कुणी विचारत नाही. प्रदक्षिणा उजवीकडून, म्हणजे स्तूप आपल्या उजव्या हाताला राहील अशी. जिथे फुलं-मेणबत्त्या ठेवलेल्या दिसतील तिथे चपला काढून पुढे जायचं. कुणी ध्यानाला बसलं असेल किंवा त्रिसरण-पंचशील म्हणत असेल तर ते होईपर्यंत बोलणं बंद. नारळ फोडणं, कुंकू वाहणं, विटांवर तेल ओतणं हे करू नका. तिथली ती पद्धत नाही आणि विटेला ते सोसत नाही. फुलं ठेवायची असतील तर पायथ्याला ठेवा.

वर चढून फोटो काढला तर?

काढू नका. हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भीती घालायला सांगत नाही. विटा सुट्या झाल्या आहेत, पाय पडला की कड मोडते, एवढं साधं आहे. मोबाइलवर फोटो काढायला हरकत नसते. ड्रोन, स्टँड, लग्नाआधीचं शूटिंग वगैरे परवानगीशिवाय नाही. आणि ‘आठवण म्हणून एक तुकडा’ घेणाऱ्यांना मी पुढच्या खेपेला नेत नाही. एकाला खरोखरच नेलं नाही. तो अजून बोलत नाही माझ्याशी, चालायचंच.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत जायचं तर गड्ड्याची यात्रा उरकून निघा, त्याआधी सोलापूरचं कुणी हलत नाही. एप्रिल-मे नको. आपल्याला वाटतं, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत राहणारी माणसं आम्ही, तिथल्या चौतीस अंशांचं काय घेऊन बसलात? सोलापूरचं ऊन भाजतं, किनाऱ्याचं ऊन शिजवतं. घाम येतो आणि वाळत नाही. आमच्या एका अण्णांना मे महिन्यात स्तूपाजवळच चक्कर आली, तेव्हापासून मी लिंबू-मीठ-साखर बांधून नेतो. पावसाळ्यात जागा हिरवीगार आणि देखणी असते, पण नालासोपाऱ्यात मुसळधार पावसाचं पाणी रुळांवर येतं आणि लोकल अडकतात. जुलै-ऑगस्टात परतीच्या गाडीचं तिकीट हातात घेऊन तो जुगार खेळू नये.

समुद्रावर कधी आणि कसं?

स्तूप सकाळी, समुद्र दुपार उतरल्यावर. कळंबचा किनारा लांब, सपाट आणि काळसर वाळूचा आहे, मागे सुरूची झाडं. राजोडी त्याला लागूनच. शनिवार-रविवारी घोडे, गाड्या आणि रिसॉर्टांची गाणी असतात. मंगळवार-बुधवारी जाल तर तुम्ही आणि कुत्री. ज्या रिक्षाने जाल तिच्याशीच परतीचं ठरवून ठेवा, किनाऱ्यावरून रिक्षा मिळेलच असं नसतं.

आता भरती-ओहोटी. आपल्या माणसांना हे माहीत नसतं, आणि त्यातच जीव जातात. हिप्परग्याच्या तलावात पोहणाऱ्याला वाटतं पाणी म्हणजे पाणी. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरा. दिनदर्शिका घरात असतेच, निघण्याआधी एकदा बघा. ओहोटीला पाणी दूर जातं आणि माणसं त्याच्यामागे चालत जातात, तेव्हा मागून भरतीला सुरुवात होते. घोट्याच्या वर जायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे. पोहायला येणाऱ्यांनाही लागू. त्यांना जास्त लागू.

डबा न्यावा की तिथे खाणं मिळतं?

स्टेशनजवळ सगळं मिळतं, स्तूपाजवळ शांतता मिळते. डबा न्या, पण स्तूपाच्या आवारात उघडू नका. आमचा ठरलेला बेत म्हणजे कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि कांदा. कडक भाकरी चार दिवस टिकते, प्रवासाला तिच्यासारखी दुसरी नाही. एकदा किनाऱ्यावर पंचा अंथरून बसलो, चटणीचा डबा उघडला आणि वाऱ्याने त्यात वाळू भरली. खाताना कचकच. त्याच गडबडीत एक कुत्रं भाकरीची अख्खी चवड तोंडात धरून सुरूच्या बनात पसार झालं. कडक भाकरी त्यानेही पहिल्यांदाच बघितली असणार, थोडं पुढे जाऊन थांबलं आणि बराच वेळ नुसतं हुंगत बसलं.

परत येताना वसईची सुकेळी मिळाली तर घ्या. पिकलेली केळी उन्हात वाळवून करतात, मधासारखी गोड आणि चिवट. घरी वाटायला कंदी पेढ्यांपेक्षा बरी.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातोच. तेव्हाच जोडून करावं का?

त्या दिवशी नको. चैत्यभूमीही समुद्राकाठचीच जागा आहे. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते दादर चौपाटीवर आणि आज तिथे स्तूप आहे. महापरिनिर्वाण दिनाला लाखोंची रांग असते, तो दिवस त्या रांगेलाच द्यावा. राहायची सोय असेल तर सात किंवा आठ तारखेच्या सकाळी सोपारा करा. उलट ज्यांना चैत्यभूमी निवांत पाहायची आहे त्यांनी आडदिवशी सकाळी जावं. लाटांचा आवाज आतपर्यंत येतो. रांगेत उभं राहून वर्षानुवर्षं येणाऱ्या आमच्या एका मावशींनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत कळलंच नव्हतं, समुद्र इतका जवळ हाय.”

बुद्ध पौर्णिमेला सोपाऱ्यात लोक जमतात, वंदना होते. गर्दी चालत असेल तर तो दिवस छान. पौर्णिमेमुळे भरती दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे संध्याकाळी समुद्र पार आत गेलेला. पाणी बघायचं तर दुपारचं ऊन सोसा, वाळू बघायची तर संध्याकाळी जा.

जवळ आणखी काय?

गावातच चक्रेश्वर महादेवाचं देऊळ आणि तळं आहे. तिथली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती चुकवू नका, ब्रह्मदेव असा सहसा भेटत नाही. निर्मळला विमलेश्वराचं देऊळ आणि मोठं तळं. वाटेत वाडवळांची, सामवेदी ख्रिस्ती लोकांची घरं आणि वाड्या लागतात. नाक्यावर पांढरा क्रूस, पुढे देऊळ, त्याच्यापुढे विहार. त्यांची मराठी कानावर पडू द्या, आपल्याला निम्मी कळते. वसईचा किल्ला त्याच दिवशी कोंबू नका. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये घेतला त्याला बराच वेळ आणि माणसं लागली होती, तुम्ही एका तासात काय घेणार?

सोलापूरजवळ असं काहीच नाही का?

आहे, आणि ते आधी पाहून जाल तर सोपारा जास्त कळेल. धाराशिवजवळचं तेर. आपण तिथे गोरोबाकाकांसाठी जातो. पण तेच जुनं तगर, ज्याचं नाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात पैठणच्या बरोबरीने येतं. तिथलं कापड गाड्यांवर लादून पश्चिमेच्या बंदरांकडे जायचं. कापड विणून समुद्राकडे पाठवायचा आपल्या भागाचा धंदा चादरींपेक्षा फार जुना आहे, असं म्हणायला जागा आहे. तेरच्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू अर्धगोल आहे. विटांचं हे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. उत्खननात स्तूपाचे अवशेषही निघाले. लामतुरे संग्रहालय आहेच.

दुसरं कलबुर्गी जिल्ह्यातलं सन्नती. भीमेच्या काठी, म्हणजे आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला. तिथेही अशोकाचे लेख मिळाले आणि शेजारच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपावर राजा-राणीचं शिल्प कोरलेलं आहे, त्यावर ब्राह्मीत नाव आहे, ‘राया असोको’. ती वेगळी सहल, तिचे प्रश्न वेगळे.

मुक्काम करावा लागतो का?

नाही. रात्री निघायचं, दिवस तिथे, रात्रीच्या गाडीने परत. दोन रात्री गाडीत झोप आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर स्टेशनवर चहा.

लहान मुलं कंटाळत नाहीत का?

कंटाळतात. त्यांना ब्राह्मीतली आठ-दहा अक्षरं गाडीतच शिकवा. ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह, ‘ग’ म्हणजे छपराचा कोन, ‘ठ’ म्हणजे नुसता गोल. मग ती दिवसभर वाळूत एकमेकांची नावं लिहीत बसतात आणि मोठ्यांना वाचता येत नाहीत म्हणून खूश असतात.

पुढची खेप कधी? आम्हाला घ्याल का?

दिवाळीनंतर. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सिद्धेश्वर लगेच भरते, तेव्हा नावं वेळेत कळवा. पंधरापेक्षा जास्त माणसं घेत नाही. खालचा बर्थ मागू नका, तो माझ्या आईचा असतो.